चौकाचं नूतनीकरण: हरकती आणि सूचना द्यायच्या म्हणजे नेमकं काय करायचं?

नगर परिषदेच्या फलकावर, नाहीतर एखाद्या स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर एक चौकट येते. ‘बसस्थानक ते मुख्य चौक रस्त्याचे मजबुतीकरण व सुशोभीकरण. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना विहित मुदतीत लेखी सादर कराव्यात.’ खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. बहुतेक जण ती वाचून पान उलटतात. हरकत ही ज्याची जागा जाते त्यानं घ्यायची गोष्ट, आपलं काय त्यात, असा आपला समज. त्यात आता ‘सुगम्य’ असा एक शब्द या कामांच्या भाषेत शिरलाय आणि तो कशासाठी आला हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

तो आला कायद्यामुळे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्याच्या नियमांत सार्वजनिक जागा कशा असाव्यात यासाठी मार्गदर्शक सूचना होत्या, पण त्या पाळणं खऱ्या अर्थानं सक्तीचं नव्हतं. राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक, असं चालणार नाही. केंद्रानं तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत, असा तो आदेश. पुढे मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं चालण्यायोग्य फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ते दिव्यांगांनाही वापरता येतील असे हवेत, हेही बजावलं. त्यामुळे चौकाचा नवा आराखडा काढताना हा विषय टाळणं आता कुठल्याही नगर परिषदेला अवघड आहे.

सुगम्य म्हणजे कुणासाठी?

सुगम्य म्हणजे कुणाच्या मदतीवाचून पोचता येईल, आत शिरता येईल, वापरता येईल आणि परत फिरता येईल अशी जागा. व्याख्या एवढीच. कुणीतरी उचलून ओट्यावर ठेवलं म्हणजे जागा सुगम्य झाली असं होत नाही.

दिव्यांग म्हटलं की डोळ्यांसमोर व्हीलचेअर येते किंवा पांढरी काठी. २०१६ च्या कायद्यात मात्र २१ प्रकार आहेत, आणि त्यातले दोन आपल्या विदर्भाला फार जवळचे. पहिला सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेलचा रुग्ण दिसायला धडधाकट असतो, पण ऊन, तहान आणि दमणूक एकत्र आली की सांध्यांत आणि हाडांत असह्य कळा सुरू होऊ शकतात. चौकात सावली नाही, बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, तर त्याच्यासाठी तो चौक बंदच. एकही पायरी नसली तरी.

दुसरा प्रकार कुष्ठरोगातून बरे झालेले. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, या संस्थांमुळे आपल्याला हा विषय परका नाही. कुष्ठरोगात मज्जातंतूंना इजा होते आणि बरं झाल्यावरही हातापायाची संवेदना बऱ्याचदा परत येत नाही. आता मे महिन्यातली दुपार घ्या, पारा ४५ च्या पुढे. चौकात चकचकीत स्टीलचं रेलिंग लावलंय. तुम्ही-आम्ही त्याला हात लावला तर चटकन मागे घेऊ. ज्याच्या तळहाताला काही जाणवतच नाही त्याचा हात रेलिंगवरच राहतो आणि भाजतो. उतारावर कठडा हवा हे नियमात लिहिलेलं असतं. तो आपल्याकडच्या उन्हात कशाचा असावा आणि त्यावर सावली हवी की नको, हे इथल्या माणसालाच सुचणार.

शिवाय कायद्याच्या यादीत नसलेलेही कितीतरी. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे खेड्यातली म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया पूर्वीपेक्षा सहज तालुक्याला येऊ शकतात. तिकिटाचा अडसर सरकारनं काढला. स्टँडवर उतरल्यावरचा अडसर जागच्या जागी आहे.

पाटाला एके ठिकाणी खांड पडली तर

ओलिताचं शेत असणाऱ्याला हे लगेच कळेल. विहिरीवर मोटर चालू आहे, पाणी भरपूर आहे, पाट धुऱ्यापर्यंत नीट काढलाय, पण मध्ये एके ठिकाणी खांड पडली की शेवटच्या वाफ्यात थेंब पोचत नाही. पाट नव्वद टक्के चांगला आहे या म्हणण्याला तिथं काही अर्थ उरत नाही. सुगम्यतेचं गणित तसंच आहे.

पांढरी काठी घेऊन चालणारा एक माणूस खेड्यातून तहसीलला निघाला असं धरा. एसटीतून उतरला. स्टँडच्या आवारातून फाटकापर्यंत आला. तिथून रस्ता ओलांडायचा. मग नालीवरच्या फरशा, त्यातली एक कायम गायब. पुढे फूटपाथ, त्यावर महावितरणची डीपी, म्हणजे विजेची पेटी, आणि शेजारच्या खांबाची ताणाची तार. मग चौक, आणि मग तहसीलची पायरी. यातली एक जागा जरी चुकली तरी बाकीचं सगळं त्याच्यापुरतं वाया गेलं. तहसीलला सुंदर रॅम्प असेल, त्याचा फोटोही अहवालात असेल, पण तिथवर पोचणार कोण?

ही खांड बहुतेक वेळा दोन खात्यांच्या हद्दीवर पडते. स्टँडचं आवार एसटी महामंडळाचं. गावातून जाणारा मोठा रस्ता पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कधी राष्ट्रीय महामार्गाचा. नाली आणि दिवाबत्ती नगर परिषदेची. खांब महावितरणचे. प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरतं काम करतो आणि जिथं एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथं अर्ध्या फुटाचा टप्पा राहतो. म्हणून सूचना लिहिताना पहिली मागणी ही असावी: आराखड्याच्या बैठकीला चारही खात्यांचा माणूस हजर पाहिजे. नगर परिषदेच्या अभियंत्यापुढे डीपी हलवण्याचा आग्रह धरून उपयोग नाही. त्याच्या हातात ते नाही.

टेप लावून मोजता येतील असे आकडे

‘रस्ता चांगला करा’ अशी सूचना फायलीत जाते आणि तिथंच राहते. आकडा लिहिलेल्या सूचनेला उत्तर द्यावं लागतं. म्हणून काही मापं पाठ असलेली बरी.

उताराचं प्रमाण १ ला १२, म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार. दोन फुटांच्या ओट्याला चोवीस फूट. आपल्याकडे दोन फुटांच्या ओट्याला पाच-सहा फुटांत रॅम्प संपवलेला दिसतो. त्यावरून मोटरसायकल चढते, व्हीलचेअर मागे कलंडते. तो रॅम्प मुळात मोटरसायकलसाठीच आहे असं समजा.

फूटपाथची मोकळी रुंदी वस्तीच्या भागात किमान १.८ मीटर आणि बाजारपेठेत २.५ मीटर असावी, असं भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेचे निकष सांगतात. यातला ‘मोकळी’ हा शब्द सोडू नका. तीन मीटरचा फूटपाथ करून मधोमध झाडाचा चौकोनी कट्टा बांधला तर रुंदी झाडाच्या बाजूला उरते तेवढीच मोजायची. फूटपाथची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण वितीपेक्षाही कमीच. जास्त उंच केला तर म्हातारी माणसं त्यावर चढतच नाहीत, रस्त्यानंच चालतात. मग ‘लोकं फूटपाथ वापरत नाहीत’ म्हणून तिथं गाड्या लागतात.

व्हीलचेअर जागेवर वळवायला दीड मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागा लागते. दार ९०० मिलिमीटरचं. पिवळ्या उठावाच्या फरशा दोन जातींच्या असतात: उभ्या पट्ट्यांची फरशी ‘सरळ चाला’ सांगते, ठिपक्यांची ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ सांगते. दृष्टिहीन माणूस हे पायानं नाहीतर काठीनं वाचतो. कंत्राटदारानं शोभेसाठी ठिपक्यांच्याच फरशा सरसकट लावल्या, तर त्याला पावलागणिक ‘थांबा’ ऐकू येतं. आणि अशी पट्टी थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

हे निकष शहरं डोळ्यांपुढे ठेवून आखलेले आहेत. ते किमान समजा, शेवटचा शब्द नाही. आपल्या गावांत व्हीलचेअरपेक्षा हातानं पेडल मारायची तीनचाकी सायकल जास्त दिसते. ती व्हीलचेअरपेक्षा लांब असते आणि तिला वळायला जास्त जागा लागते. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी लोखंडी खुंट्या ठोकतात. त्यांतून व्हीलचेअर जाईल, तीनचाकी अडकेल. आर्किटेक्टच्या पुस्तकात ही सायकल नसेल. गावातल्या पाच जणांकडे ती आहे आणि तिची रुंदी त्यांच्याकडूनच मोजून घेता येते.

काळ्या मातीचंही तसंच. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरमाचा भराव नीट दाबून न घालता गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसवले तर एका पावसाळ्यात कुठे खाली जातात, कुठे वर येतात. धडधाकट माणूस ठेचाळतो आणि पुढे जातो. कुबडीचं टोक खचलेल्या जागी गेलं की माणूस पडतो. त्यामुळे गट्टूंच्या खाली किती जाडीचा थर आहे, हाही सुगम्यतेचाच प्रश्न आहे. तो विचारायला इंजिनियर असावं लागत नाही.

विचारायचं कधी? निविदेनंतर काही उरत नाही

इथं थोडं थांबू या, कारण बहुतेक गावांत गाडी इथंच चुकते.

गावाची विकास योजना, म्हणजे कुठे रस्ता, कुठे बाजार, कुठे शाळा हे ठरवणारा मोठा नकाशा, हा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली तयार होतो. तिथं लोकांचं म्हणणं ऐकणं कायद्यानंच बांधलेलं आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध करायची, ३० दिवस हरकती व सूचना घ्यायच्या आणि नियोजन समितीनं सुनावणी घ्यायची.

चौकाच्या सुशोभीकरणाचं काम मात्र बहुतेक वेळा विकास योजनेतला बदल नसतं, ते नुसतं बांधकाम असतं. ठराव होतो, अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो. या साखळीत लोकांना विचारण्याची सक्तीची पायरी अशी नाही. विचारलं तर ती नगर परिषदेची समज. आणि विचारलं जातं ते पुष्कळदा निविदा निघाल्यावर, भूमिपूजनाच्या आधीच्या आठवड्यात. त्या वेळी अंदाजपत्रकातली प्रत्येक बाब, तिचं प्रमाण, तिचा दर ठरलेला असतो. ‘रॅम्प बारा फुटांचा करा’ म्हटलं की अभियंता प्रामाणिकपणे सांगतो, ‘एस्टिमेटमध्ये सहाच फुटांचा आहे.’ तो खोटं बोलत नसतो. तुम्ही उशिरा आलेले असता, किंवा खरं म्हणजे तुम्हाला उशिरा बोलावलेलं असतं.

सल्ला घ्यायची खरी वेळ अंदाजपत्रकाच्या आधीची. नकाशा पेन्सिलीत असतो तेव्हाची. ती नोटीस निघण्याची वाट पाहत बसू नका. सर्वसाधारण सभेत चौकाच्या कामाचा ठराव झाला की नकाशाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि लेखी सूचनेची पोच घ्या. पोच नसलेला कागद पुढे कुठंच उभा राहत नाही.

सभागृहात नको, चौकात बोलवा

नगर परिषदेचं सभागृह बहुधा वरच्या मजल्यावर असतं आणि लिफ्ट नसते. दिव्यांगांच्या सूचनांसाठी बैठक वरच्या मजल्यावर! जे कसेबसे पोचतात त्यांच्यासमोर पडद्यावर नकाशा येतो. नकाशा वाचणं हे एक वेगळं कौशल्य आहे. पुढे बसलेले दोन-चार बोलतात, बाकीच्यांचं उत्तर एकच: ‘नकाशा पाहून आमाले काय समजते साहेब, तुमी करान ते बराबरच असन.’ इतिवृत्तात नोंद होते, सर्वांनी आराखड्यास सहमती दर्शवली.

याऐवजी चौकात फेरी काढायची. याला सुगम्यता तपासणी म्हणतात, पण करायचं असतं ते साधं. चार-सहा माणसं निवडायची: एक तीनचाकीवरचा, एक दृष्टिहीन, एक कानानं ऐकू न येणारा आणि त्याच्यासोबत खाणाखुणांची भाषा जाणणारं कुणी, सिकलसेलचा एखादा रुग्ण, एक पंच्याहत्तरीची आजी, एक मतिमंद मुलाची आई. सोबत अभियंता, आर्किटेक्ट आणि एक टेप. स्टँडच्या फलाटापासून तहसीलपर्यंत, दवाखान्यापर्यंत, बँकेपर्यंत प्रत्येकानं आपापल्या गतीनं चालायचं. कुठे थांबलो, कुठे वळसा घेतला, कुठे कुणाचा हात धरावा लागला, हे नकाशावर टिपायचं. फेरी एकदाच काढून भागत नाही. एक आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशीचा चौक वेगळाच असतो. एक भर उन्हात. एक संध्याकाळी लाइट गेल्यावर. बाजाराच्या दिवशी गर्दी आणि भोंगे इतके असतात की आवाजाच्या अंदाजानं चालणाऱ्या दृष्टिहीन माणसाला दिशाच उरत नाही. ही गोष्ट मंगळवारी सकाळी अकरा वाजता कळत नाही.

त्या आईला विसरू नका. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचे पालक अशा बैठकांत गप्प बसतात, कारण विषय रॅम्पचा असतो. त्यांची गरज वेगळी असते: थोडी शांत, कुंपणाची जागा, जिथून मूल एकदम रस्त्यावर पळणार नाही. आणि असं स्वच्छतागृह जिथं आई चौदा वर्षांच्या मुलाला सोबत नेऊ शकेल. बाईच्या बाजूला नेलं तर बाकीच्या ओरडतात, पुरुषांच्या बाजूला ती जाऊ शकत नाही. स्वतंत्र दाराचं एक सुगम्य स्वच्छतागृह बांधलं की हा प्रश्न सुटतो आणि म्हाताऱ्या नवऱ्याला घेऊन आलेल्या बाईचाही सुटतो.

एकत्र बसून ठरवणं ही काही बाहेरून आणायची गोष्ट नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची रीत घालून दिली. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग निर्णय. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत तो लांबला तरी चालेल. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. तालुक्याचं तीस हजार वस्तीचं गाव मेंढ्यासारखं चालू शकत नाही, हे मान्य. पण ठरवण्याआधी समजून घ्यायचं, ही अर्धी रीत तरी घेता येईल.

‘कायले पाह्यजे? आपल्या गावात हायेतच किती?’

हा प्रश्न हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद झाली, लोकसंख्येच्या २.६ टक्क्यांच्या आसपास. तीस हजारांच्या गावात याच हिशोबानं आठशेच्या घरात माणसं होतात. तीही जुन्या, मोजक्या प्रकारांची गणना. तेव्हा कायद्यात २१ प्रकार नव्हते आणि सिकलसेल तर मोजलाच गेला नव्हता. शिवाय बाजाराला येणारी आजूबाजूच्या पन्नास खेड्यांतली माणसं वेगळीच.

मग ती दिसत का नाहीत? घराच्या उंबऱ्यापासून चौकापर्यंतच्या पाटाला दहा ठिकाणी खांड आहे म्हणून. नदीवर पूल नसताना पलीकडे कुणी जात नाही, तेव्हा पुलाची गरजच नाही असं आपण म्हणत नाही.

‘खर्च कोण देणार?’

नव्या कामात उतार योग्य प्रमाणात काढायला, फूटपाथ वितीच्या आत ठेवायला, ठिपक्यांच्या फरशा योग्य जागी लावायला लागतो तो मुख्यतः विचार. तेच सिमेंट, त्याच फरशा. पैसा लागतो तो बांधलेलं फोडून पुन्हा बांधायला. सुगम्य स्वच्छतागृह, बाकांवरचं शेड यांना वेगळा खर्च येतो, हे खरं. पण कारंज्याला आणि एलईडीच्या कमानीला पैसे सापडतात तिथं शेडला सापडत नाहीत, हे पटणारं नाही.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. चौकातला रॅम्प या निधीतून करावा अशी शक्कल निघू शकते. ती मान्य करू नये, असं माझं मत आहे. तो पैसा त्यांच्या उपजीविकेसाठी, उपचारासाठी, साधनांसाठी वापरावा. रस्ता सगळ्यांना चालता येईल असा करणं हे मूळ कामच आहे, त्याचा भार त्यांच्या वाट्यावर का?

‘एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण’

हा आक्षेप खरा आहे, आणि सल्लामसलत लागते ती यासाठीच. चाकाच्या खुर्चीला फूटपाथ आणि रस्ता एका पातळीत आला की बरं. दृष्टिहीन माणूस मात्र फूटपाथची कड काठीनं चाचपून ओळखतो. कडच गेली तर तो थेट ट्रकसमोर. उठावाच्या फरशा त्याला हव्यात, पण पायाला संवेदना नसलेला किंवा तोल जाणारा माणूस त्यांवर अडखळतो. बाक सिकलसेलच्या रुग्णाला हवा, तोच बाक मधोमध ठेवला तर काठीवाल्याच्या गुडघ्याला लागतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींना उत्तरं आहेत. उतार काढायचा आणि त्याच्या तोंडाशी ठिपक्यांची फरशी लावायची, म्हणजे चाक उतरतं आणि काठीला इशारा मिळतो. उठावाची पट्टी फूटपाथच्या एका बाजूनं न्यायची, पूर्ण रुंदीवर पसरायची नाही. बाक एका रांगेत, चालायच्या पट्ट्याबाहेर. पण कुठल्या चौकात कुठला तोडगा बसेल हे त्या माणसांना एकमेकांसमोर बसवल्याशिवाय समजत नाही. दिव्यांग म्हणजे एकच गट आणि त्याचा एक पुढारी बोलावला की झालं, ही समजूत इथं मोडते.

‘मग हातगाड्या उठवणार का?’

चौक सुधारायचा म्हटलं की पहिला घाव भाजीवाल्या बाईवर पडतो. सुगम्यतेच्या नावानं तसं होऊ देऊ नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. दिव्यांगांनाही त्यात स्थान आहे. विक्रेत्याची जागा या समितीला धरून ठरवायची असते, एका सकाळी जेसीबी पाठवून नाही. आणि हातगाडी चौकातल्या सुगम्यतेची शत्रू आहे असंही नाही. चप्पल शिवणारा, पानठेला चालवणारा माणूस कित्येकदा स्वतःच दिव्यांग असतो. त्याला बसायची जागा ठरवून दिली आणि चालायचा पट्टा रंगवून वेगळा केला की दोन्ही चालतं.

अडथळा खरा कुठला, ते टेप लावल्यावर कळतं. पक्क्या दुकानांनी नालीवर स्लॅब टाकून पुढे ओढलेल्या पायऱ्या, बाहेर मांडलेले फ्रिज आणि बादल्या, आणि मालकाचीच चारचाकी. यावर बोलायला कुणी फारसं तयार नसतं, कारण दुकानदार संघटनेचं वजन असतं आणि भाजीवालीचं नसतं. व्यापाऱ्यांना एक सांगून पाहावं: तीन पायऱ्यांच्या दुकानात म्हातारं गिऱ्हाईक चढत नाही, ते शेजारच्या सपाट दुकानात जातं.

काम झाल्यावर

२०१६ च्या कायद्याचं कलम ४४ सांगतं की निकष पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. आधीपासून असलेल्या सार्वजनिक इमारतींना, कलम ४५ प्रमाणे, नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख. तक्रार दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे करता येते. राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे.

यापेक्षा लवकर गुण येतो तो कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघायच्या आधी. फेरीला आलेल्या माणसांनी तोच रस्ता पुन्हा चालायचा, त्याच टेपनं उतार मोजायचा, आणि कमी भरला तर मुख्याधिकाऱ्यांना फोटोसह लेखी द्यायचं. बिल निघून गेलं असेल तरी कंत्राटात दोष दायित्व कालावधी नावाची मुदत असते. त्या काळात खचलेलं, फुटलेलं काम कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं असतं. ती मुदत किती आहे हे कार्यादेशात लिहिलेलं असतं. त्याची प्रत काढून ठेवा आणि पहिला पावसाळा संपला की गट्टूंवरून एकदा तीनचाकी फिरवून पाहा.